कागद कुठे निघाला?

२०२० च्या मे महिन्यातला पहिला आठवडा. रात्री पावणेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. ती कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करते, मी पुण्यात. टाळेबंदी लागून महिना उलटला होता. टेबलावरचा ऑफिसचा संगणक रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि तिने घरच्या लॅपटॉपवरून ‘रिमोट डेस्कटॉप’ने त्यात शिरून काम करायचे, अशी सोय कारखान्याने करून दिली होती. तिचा आवाज दबका होता. घरातले झोपले असतील म्हणून, असे मला वाटले.

“दादा, मी पाच वेळा प्रिंट दिली. इथं प्रिंटर हूं का चूं करत नाही. मग कागद कुठं निघाला?”

छापायची होती ती एक तीन पानी यादी. त्या महिन्यापासून कोणाचा पगार किती कापायचा आणि कोणाला ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ कामावर बोलवायचे नाही, याची. एकेचाळीस नावे. ती छापून, सही करून, फोनवर फोटो काढून रात्रीच पाठव, असे तिला वरून सांगण्यात आले होते. मर्यादित परवानगी मिळाल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आठ माणसे ऑफिसात येणार होती, आणि त्यांतल्या पाचांची नावे त्या यादीत होती. आवाज दबका का होता ते मला आता कळले.

मी गेली बावीस वर्षे छोट्यामोठ्या ऑफिसांचे संगणक सांभाळण्याचे काम करतो. त्या रात्री आम्ही जे शोधत गेलो आणि त्यानंतर त्याच प्रश्नाच्या निमित्ताने मी जे वाचत, तपासत गेलो, ते इथे मांडतो आहे. विषय दिसायला किरकोळ आहे. घरून काम करणाऱ्या लक्षावधी लोकांनी त्या दोन वर्षांत ‘प्रिंट निघत नाही’ हे वाक्य उच्चारले असेल. पण ते न निघण्यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे आणि बऱ्याच जणांचे हितसंबंध आहेत.

*

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही, की रिमोट डेस्कटॉपमध्ये आपल्या लॅपटॉपवर दिसते ते नुसते चित्र असते. आपण दाबलेली कळ आणि हलवलेला माउस तिकडे जातो, आणि तिकडच्या पडद्यात झालेला बदल इकडे येतो. एक्सेल तिकडे चालते, फाइल तिकडे असते, आणि ‘प्रिंट’ हा हुकूमही तिकडेच बजावला जातो. मुंबईच्या भावाला फोनवर “पाऊस येतोय, खिडकी लाव” म्हटले तर तो त्याच्या घरची खिडकी लावील. आपल्या घरात पाणी यायचे ते येणारच. ऑफिसच्या संगणकाला माहीत असलेला प्रिंटर म्हणजे ऑफिसचा प्रिंटर. बहिणीच्या घरातल्या, टीव्हीच्या कपाटाखाली ठेवलेल्या छोट्या लेसर प्रिंटरचे त्याने नावही ऐकलेले नव्हते.

मग पाच प्रती गेल्या कुठे? तिच्या टेबलाशेजारच्या प्रिंटरकडे. पण संगणक सोडून बाकीचे सगळे स्विच बंद करूनच लोक मार्चमध्ये घरी गेले होते, म्हणून प्रिंटर बंद होता. म्हणजे कागद निघाला नव्हता; निघायचा होता. पाचही कामे रांगेत उभी होती. सकाळी नऊ वाजता कोणीतरी सवयीने भिंतीवरचा स्विच दाबला असता, की पंधरा पाने सरसर बाहेर.

ही रांग सांभाळणाऱ्या विंडोजमधल्या यंत्रणेचे नाव ‘स्पूलर’. स्पूल म्हणजे रीळ. १९६० च्या आसपासच्या अवाढव्य संगणकांत गणित करणारे यंत्र फार वेगवान आणि छापणारे यंत्र फार मंद असे. एकाने दुसऱ्याची वाट पाहत बसू नये म्हणून छापायचा मजकूर आधी चुंबकीय फितीच्या रिळावर उतरवायचा आणि छापणाऱ्याने तो सावकाश घ्यायचा, ही युक्ती निघाली. आज फीत गेली, युक्ती तशीच आहे. आपण प्रिंट दिली की सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात, सिस्टम३२ च्या पोटात, स्पूल नावाच्या फोल्डरातल्या प्रिंटर्स या फोल्डरात प्रत्येक कामाच्या दोन फाइली तयार होतात: एकीत पान, दुसरीत ते पान कोणाचे, कुठे जायचे याची चिठ्ठी. प्रिंटर बंद असला, संगणक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तरी त्या फाइली डिस्कवर टिकून राहतात. एरवी हा गुण. त्या रात्री तो आमच्या मुळावर आला होता.

रांगेतली कामे तिने ‘कॅन्सल’ केली. चार गेली. पाचव्यापुढे ‘डिलीटिंग’ असे आले आणि तसेच राहिले. हे फार वेळा होते: प्रिंटरला अर्धवट काही पाठवायला घेतलेले असते, तो उत्तर देत नाही, आणि स्पूलर ताटकळत उभा राहतो. अशा वेळी स्पूलरची सेवा थांबवायची, त्या फोल्डरातल्या फाइली हाताने पुसायच्या आणि सेवा पुन्हा सुरू करायची. त्यासाठी त्या संगणकाचे पूर्ण अधिकार लागतात. ते तिच्याकडे नसायला हवे होते. पण छोट्या ऑफिसात ते सगळ्यांकडेच असतात, आणि त्या रात्रीपुरता मी त्या ढिलाईचा आभारी आहे. साडेअकराला रांग रिकामी झाली. आता प्रश्न उरला तो घरी छापण्याचा.

*

दूरच्या संगणकावरचे काम जवळच्या प्रिंटरवर कसे आणायचे, हा प्रश्न विंडोजच्या जगात तसा उशिरा आला, कारण विंडोज मुळात एका माणसाने एका यंत्रासमोर बसून वापरायची, याच कल्पनेवर उभी होती. एकाच विंडोजमध्ये अनेकांना दुरून बसवायचे काम सुरुवातीला सिट्रिक्स या कंपनीने केले. आयबीएममधून बाहेर पडलेल्या एड याकोबुची यांनी ती १९८९ मध्ये काढली, आणि १९९५ मध्ये विनफ्रेम हे उत्पादन बाजारात आणले. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांच्याकडून ते तंत्र परवान्यावर घेतले आणि १९९८ मध्ये विंडोज एनटी ४ ची ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ती आली. रिमोट डेस्कटॉपची आजची बोली, म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे नियम, तिथून सुरू होतात. त्या पहिल्या बोलीत प्रिंटरला शब्दच नव्हता. पडदा, कळफलक, माउस, एवढेच.

विंडोज २००० बरोबर आलेल्या पाचव्या आवृत्तीत प्रिंटर आला. त्याची रीत अशी. दोन संगणकांमधल्या एकाच जोडणीत अनेक पोटवाटा असतात. एकीतून पडद्याचे चित्र, दुसरीतून क्लिपबोर्ड, तिसरीतून उपकरणांच्या गोष्टी. जोडणी होताच घरचा संगणक त्या तिसऱ्या वाटेने ऑफिसच्या संगणकाला सांगतो: माझ्याकडे अमुक नावाचा प्रिंटर आहे, त्याचा ड्रायव्हर अमुक, आणि माझा नेहमीचा प्रिंटर तोच. ऑफिसचा संगणक मग आपल्याकडे त्या नावाची एक खोटी रांग तयार करतो. तिच्या टोकाला प्रिंटर नसतो; त्या पोटवाटेचे तोंड असते. रांगेत पडलेले काम त्या वाटेने घरी येते आणि घरचा संगणक ते खऱ्या प्रिंटरला देतो. जोडणी तुटली की खोटी रांग नाहीशी होते.

यात ‘ड्रायव्हर अमुक’ या दोन शब्दांनी दहा वर्षे व्यवस्थापकांचा जीव खाल्ला. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. एक्सेल म्हणते, इथे रेघ ओढ, तिथे हा आकडा लिही. प्रिंटरला समजते ती त्याच्या निर्मात्याची भाषा. लेसर प्रिंटरांच्या दोन जुन्या भाषा, एचपीची पीसीएल आणि अडोबीची पोस्टस्क्रिप्ट, दोन्ही १९८४ च्या सुमाराच्या. पण पुढे स्वस्त प्रिंटरांची लाट आली आणि त्यांनी भाषा समजून घेण्याचे कामच सोडून दिले. पानाचे ठिपक्यांत रूपांतर संगणकाने करायचे आणि प्रिंटरने ते ठिपके नुसते उमटवायचे. आपल्याकडच्या घरांत असतात ते बहुतेक याच जातीचे, आणि त्या प्रत्येकाचा दुभाषा वेगळा.

पान ऑफिसात तयार होते, म्हणून दुभाषाही ऑफिसच्या संगणकावरच हवा, आणि नेमका त्याच नावाचा. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी खोटी रांग तयार होत नसे. वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नसे. सर्व्हरच्या नोंदवहीत तेवढी ११११ क्रमांकाची नोंद पडे, की या प्रिंटरला लागणारा ड्रायव्हर अनोळखी आहे, व्यवस्थापकाला सांगा. व्यवस्थापक तो घालायला नाखूश असे, आणि त्याला कारण होते. एनटी ४ मध्ये प्रिंटरचे ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालत. कोणाच्या तरी घरच्या दोन-तीन हजारांच्या प्रिंटरचा गचाळ लिहिलेला ड्रायव्हर कोसळला, की सर्व्हरवर बसलेल्या चाळीसही जणांचे पडदे निळे. मी स्वतः हे एकदाच पाहिले, आणि त्यानंतर दोन वर्षे कोणालाही घरचा प्रिंटर जोडू दिला नाही. लोकांनी शिव्या दिल्या असतील. तेव्हा वाटले नाही, आता वाटते की निदान कारण तरी सांगायला हवे होते.

२००८ च्या विंडोज सर्व्हरबरोबर यावर उतारा आला. त्याचे नाव ‘ईझी प्रिंट’. कल्पना साधी आहे. ऑफिसच्या संगणकाने प्रिंटरची भाषा बोलायचीच नाही. त्याने पान एक्सपीएस नावाच्या सर्वसाधारण रूपात लिहायचे (पीडीएफचा चुलतभाऊ म्हणा) आणि घरी पाठवायचे. घरच्या प्रिंटरचा दुभाषा घरच्या लॅपटॉपवर असतोच. उलथा तिथे करायचा. छपाईच्या सेटिंगची चौकट उघडली तर तीसुद्धा घरच्या ड्रायव्हरची उघडते. सर्व्हरवर परका ड्रायव्हर नाही म्हणजे निळा पडदाही नाही. या विषयावर चांगले म्हणावे असे जे काही झाले त्यात मी हे सर्वांत वर ठेवीन.

त्याचा आणखी एक फायदा आहे, तो हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही. ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. इंचाला ६०० ठिपके धरले तर आडवे सुमारे ४,९६० आणि उभे सुमारे ७,०१६. गुणाकार साडेतीन कोटींच्या घरात. काळ्या-पांढऱ्या पानाला प्रत्येक ठिपक्यामागे एक बिट लागतो, म्हणजे सव्वाचार मेगाबाइटपेक्षा थोडे जास्त. रंगीत पानाला त्याच्या चोवीस पट, सुमारे १०४ मेगाबाइट. हे ठिपके ऑफिसात पाडून घरी पाठवायचे, तर ऑफिसच्या जोडणीचा बाहेर पाठवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल तेव्हा एका रंगीत पानाला जवळपास सात मिनिटे लागतील. प्रत्यक्षात ठिपके आवळून पाठवतात, म्हणून इतकी लागत नाहीत. पण दिशा लक्षात घ्यावी. इंटरनेटवाले आपल्याला वेग सांगतात तो बहुधा खाली उतरवण्याचा. इथे कागद ऑफिसातून चढतो, आणि तो वेग अनेक जोडण्यांत बराच कमी असतो. त्याच पानातला मजकूर अक्षरे म्हणून पाठवला तर तो मोजक्या किलोबाइटांत बसतो.

अक्षरांवरून आठवले. बहिणीच्या यादीतली नावे मराठीत होती, आणि तीही युनिकोडपूर्व काळातल्या एका फाँटमध्ये. असे फाँट मराठी ऑफिसांत आणि छापखान्यांत अजून मुबलक आहेत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात, म्हणून तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ‘पाटील’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. तिने आधी हीच वाट धरली होती: फाइल स्वतःला मेल करून घरच्या लॅपटॉपवर उघडली, काला पाहिला आणि हात टेकले. रिमोट डेस्कटॉपमधून छापताना ही अडचण येत नाही, कारण पान ऑफिसात रेखाटले जाते आणि एक्सपीएसमध्ये लागणारे फाँट पानाबरोबरच बांधून येतात. जुन्या फाँटमध्ये अडकलेल्या मराठी ऑफिसांना एवढ्यासाठी तरी ही वाट माहीत असावी.

*

आता त्या रात्रीकडे. घरचा प्रिंटर घरच्या लॅपटॉपवरून चालतो का, हे मी आधी विचारले. चालत होता, भाचीच्या शाळेचे कागद दुपारीच त्यावर छापले होते. हा प्रश्न लोक टाळतात आणि तासभर भलतीकडे शोधतात.

मग ऑफिसच्या पडद्यावरची प्रिंटरांची यादी उघडायला सांगितली. नावामागे कंसात ‘रिडायरेक्टेड’ आणि एक आकडा असलेला प्रिंटर तिथे दिसतो का? नाही. म्हणजे घरच्या संगणकाने आपला प्रिंटर जाहीरच केला नव्हता. रिमोट डेस्कटॉप सुरू करण्याच्या खिडकीत ‘शो ऑप्शन्स’ दाबले की ‘लोकल रिसोर्सेस’ असा भाग येतो. त्यात प्रिंटर्ससमोरच्या चौकटीत खूण हवी. कारखान्याच्या संगणकवाल्याने तिला तयार फाइल दिली होती, दोनदा टिचकी मारली की थेट ऑफिस. त्या फाइलीत ही खूण काढलेली होती. मुद्दाम की चुकून, कोण जाणे. खूण करून नुसते भागत नाही. चालू जोडणी पूर्ण सोडून पुन्हा जोडावी लागते, कारण प्रिंटरांची ओळख जोडणीच्या सुरुवातीलाच होते.

पुन्हा जोडल्यावर प्रिंटर आला, ‘रिडायरेक्टेड २’ असा. हा आकडा म्हणजे त्या बैठकीचा क्रमांक. पुढच्या वेळी तो ३ किंवा ५ असू शकतो, आणि इथे हिशेबाची अनेक सॉफ्टवेअर फसतात: त्यांनी काल निवडलेला प्रिंटर नावासकट लक्षात ठेवलेला असतो आणि आज त्या नावाचे कोणी नसते. मग एक तर चूक दाखवतात, नाहीतर गुपचूप ऑफिसच्या प्रिंटरकडे वळतात. दुसरी वाईट. विंडोज १० मध्ये २०१५ च्या नोव्हेंबरपासून ‘नेहमीचा प्रिंटर विंडोजला ठरवू द्या’ अशीही एक सोय आली. शेवटी जो वापरला तो नेहमीचा. घर आणि ऑफिस यांच्यात येरझाऱ्या घालणाऱ्याने ती बंद ठेवावी असे माझे मत आहे. गोपनीय कागद असेल तर कोपऱ्यातले छोटे प्रिंटरचे चित्र दाबूच नये. पूर्ण चौकट उघडावी आणि नाव वाचून मग हुकूम द्यावा.

तिने नाव वाचले, प्रिंट दिली. काही नाही.

इथे एक खूण उपयोगी पडते. काम पोटवाटेने घरी पोहोचले की घरच्या प्रिंटरच्या रांगेत ते मूळ नावाने दिसत नाही. ‘रिमोट डेस्कटॉप रिडायरेक्टेड प्रिंटर डॉक’ अशा सामायिक नावाने दिसते. ते दिसले तर ऑफिसकडची बाजू चोख आहे आणि बिघाड घरात आहे. नाही दिसले तर उलट. मी तिला लॅपटॉपची, ऑफिसची नव्हे, लॅपटॉपची रांग उघडायला सांगितली. या ‘नव्हे’साठी तीन वेळा प्रयत्न झाले, एकात एक दोन विंडोज उघड्या असल्या की माणूस कुठल्या संगणकात उभा आहे हे विसरतो. काम घरच्या रांगेत होते, आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’.

दुपारी चालणारा प्रिंटर रात्री ऑफलाइन कसा? मला दोन मिनिटे लागली, आणि लागायला नको होती. प्रिंटर वायफायवर होता. ऑफिसच्या संगणकात शिरायच्या आधी ती व्हीपीएन सुरू करत असे, म्हणजे लॅपटॉपपासून कारखान्यापर्यंत एक बंद बोगदा. अशा बोगद्याची आखणी बऱ्याचदा अशी असते, की एकदा त्यात शिरलात की लॅपटॉपचा सगळा प्रवास त्यातूनच. घरातल्या वायफायवरची इतर उपकरणे दिसेनाशी होतात. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबर आहे. परिणाम मात्र असा, की चार फुटांवरचा प्रिंटर लॅपटॉपला दिसत नाही आणि चाळीस किलोमीटरवरचा दिसतो. यूएसबीची तार बोगद्यात जात नाही. तार सापडली, लावली, प्रिंटर खरखरला.

पहिल्या पानाच्या शेवटच्या दोन ओळी गायब होत्या, तिसऱ्या पानावर सहीची जागाच नव्हती. हे मात्र लगेच ओळखता आले: घरच्या ड्रायव्हरमध्ये कागद ‘लेटर’ होता. अमेरिकेचा लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए४ पेक्षा रुंदीला थोडा जास्त आणि उंचीला १८ मिलिमीटर कमी. अमेरिकेत घडलेल्या सॉफ्टवेअरचे मूळ गृहीतक घरोघरच्या लॅपटॉपमध्ये तसेच पडून असते. ए४ केले. सव्वाबाराला तीन पाने धड निघाली.

*

हे सगळे लेसरचे झाले. आपल्याकडे पतसंस्था, अडत, वाहतूक कंपन्या, औषधांचे घाऊक व्यापारी यांच्या दारात अजून ठिपक्यांचा प्रिंटर किरकिरत असतो, कारण कार्बन लावून तीन प्रती त्याच्याशिवाय कोणी काढत नाही. तिथे ईझी प्रिंट उपकारक नसून अडचणीची ठरते. असा प्रिंटर खूश असतो तो त्याला नुसती अक्षरे दिली की. ठळक, बारीक, पुढचा कागद, यांचे सांकेतिक हुकूम त्याला ठाऊक असतात. ईझी प्रिंटमधून पान रेखाटन म्हणून येते, आणि तो ते चित्र समजून टाचणीच्या टोकाने भरत बसतो. अर्ध्या मिनिटाची पावती तीन मिनिटे घेते, अक्षर पुसट येते, आणि आधीच छापलेल्या पावतीपुस्तकाच्या चौकटीत आकडा बसत नाही, कारण बारा इंची अखंड कागदाचे माप वाटेत हरवलेले असते. अशा ठिकाणी सर्व्हरवर त्या एका प्रिंटरचा ड्रायव्हर मुद्दाम घालून ‘ईझी प्रिंट आधी’ हे धोरण बंद करणे, हा जुना उपायच मी करतो. फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहिलेली, थेट एलपीटी१ वर मजकूर ओतणारी सॉफ्टवेअर अजून चालू आहेत. त्यांच्यासाठी ते दार जाळ्यावरच्या प्रिंटरकडे वळवण्याची निराळी आज्ञा आहे. ती लिहून देताना आपण पुराणवस्तू विभागात नोकरीला आहोत असे वाटते, पण त्या पावतीवर कोणाची तरी ठेव असते.

आणि कधी कधी काहीच जमत नाही. तेव्हा ऑफिसच्या संगणकावर पीडीएफ करावी आणि ती घरी आणून छापावी. जाणकार याला हार म्हणतात. मला तसे वाटत नाही. फक्त मग ती फाइल घरच्या लॅपटॉपवर राहते, ती कोण पुसणार हे आधी ठरवावे.

कारण घरी छापू न देण्यामागेही विचार असतो. स्पूलर ही विंडोजमधली जुनी, भरपूर अधिकार असलेली आणि जवळजवळ प्रत्येक संगणकावर चालू असलेली सेवा. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटने पसरण्यासाठी वापरलेल्या भगदाडांत एक स्पूलरचे होते. २०२१ च्या जून-जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने दुसरे गाजले. ते इतके गंभीर होते, की मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न पाहता ६ जुलैपासून दुरुस्ती वाटायला सुरुवात केली, आणि १० ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर घालायला व्यवस्थापकाचे अधिकार सक्तीचे केले. घरून काम ऐन भरात असताना लोकांच्या छपाया एका सकाळी बंद पडल्या त्या अनेकदा यामुळे. शिवाय घरचा प्रिंटर म्हणजे कंपनीचा कागद दाराबाहेर नेणारी वाट, म्हणून बँका आणि मोठ्या कंपन्या धोरणानेच ती बंद करतात. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. पण बंद केली आहे हे सांगत नाहीत, आणि माणूस रात्री बारापर्यंत चौकटीत खुणा करत बसतो.

ड्रायव्हरचे हे लफडे मुळातूनच मिटवायचा प्रयत्न चालू आहे. प्रिंटरने सगळ्यांना समजणारी एकच बोली बोलावी, तिची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१० मध्ये ॲपलने आयफोनवरून ड्रायव्हरशिवाय छापता येईल अशी एअरप्रिंट आणली, तीही याच बोलीवर उभी आहे. गूगलने २०१० मध्येच वेगळी वाट काढून पाहिली, पान आधी त्यांच्याकडे आणि तिथून प्रिंटरकडे. ती ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली, म्हणजे नेमकी लोकांना सर्वांत जास्त गरज असलेल्या वर्षाच्या शेवटी. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने निर्मात्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे वेळापत्रक जाहीर केले. त्याचा अर्थ असा, की पुढे प्रिंटर घेताना तो ही सामायिक बोली बोलतो ना, एवढे पाहावे. टीव्हीच्या कपाटाखालचे जुने स्वस्त प्रिंटर बोलत नाहीत. ते चालतात तोवर चालतील.

यादीवर बहिणीने साडेबाराला सही केली, फोटो पाठवला आणि तीन पाने कपाटात ठेवली. अकरावे नाव तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीचे होते, हे तिने मला त्या रात्री सांगितले नाही, ऑगस्टमध्ये सांगितले. दिवाळीला मी कोल्हापूरला गेलो, तेव्हा फ्रिजवर चुंबकाने भाचीने काढलेले चित्र लावलेले होते: घर, डोंगर, दोन ढग. कागद वरून जरा वळला होता. मागच्या बाजूला तीन पानी यादीतले दुसरे पान होते, शेवटच्या दोन ओळी नसलेले.